दोडके, मुळे आणि लोंढे सर

लोंढे सरांच्या डोक्यावर एकही केस नव्हता आणि पिशवीत मात्र केसच केस होत्या. हा विनोद आमच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी केला. त्यावर सर स्वतःच इतके हसले की नंतर तो करण्यात कुणाला मजा राहिली नाही.

सांगलीत एका चर्चच्या मागे पत्र्याची खोली होती. तिथं पाळक होऊ पाहणाऱ्यांचा दोन वर्षांचा वर्ग चालायचा. पाळक म्हणजे आमच्या ख्रिस्ती लोकांत चर्चची, आणि त्याहून जास्त चर्चमधल्या माणसांची, काळजी वाहणारा. मी उंब्रजची. नर्सची नोकरी सोडून इथं आले होते आणि घरचे अजून माझ्याशी नीट बोलत नव्हते. वर्गात आम्ही सात जण. वेळापत्रकावर ईश्वरविज्ञान, नीतिशास्त्र आणि पाळकीय सेवा अशी तीन भारदस्त नावं होती. तिन्ही विषय लोंढे सरच शिकवायचे आणि तिन्ही एकाच पद्धतीनं. पिशवीतून शाळकरी वही काढायची, एक केस वाचून दाखवायची, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि म्हणायचं, "आता बोला."

सर मूळचे माण तालुक्यातले. प्रार्थनेत "हे परमदयाळू पित्या" अशी शुद्ध, इस्त्री केलेली भाषा बोलायचे आणि "आमेन" म्हणताच "बसा रं, बसा" वर यायचे.

केसमधली माणसं खरी असत. सर तीसपस्तीस वर्षं गावोगाव पाळक होते, त्या काळात भेटलेली. ती ओळखू येऊ नयेत म्हणून सरांनी त्यांना भाज्यांची आडनावं दिली होती. श्री. दोडके, श्रीमती गवारे, कारलेबाई, भोपळे बंधू. सरांच्या पत्नी एकदा आम्हाला म्हणाल्या, "घरात दोडक्याची भाजी केली की हे ताटावर गंभीर होऊन बसतात. मी करायचीच सोडून दिली."

आणि प्रत्येक केसमध्ये एक माणूस ठरलेला असायचा, पाळक मुळे. हा मुळे कधीही बरोबर नसायचा.

पहिली केस मला अजून जशीच्या तशी आठवते. कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक शेतातलं, घरातलं काही ना काही चर्चमध्ये देवाला आणतात. ज्वारीची कणसं, भोपळा, कोंबडी. श्रीमती गवारे नावाच्या एका म्हाताऱ्या बाईनं शेळी आणली. पाळक मुळे यांनी प्रभुभोजनाच्या, म्हणजे आराधनेत सगळ्यांना तुकडा तुकडा वाटायच्या भाकरीवर नुकतीच प्रार्थना केली होती. डोळे उघडून पाहतात तर शेळी टेबलावर आणि भाकर शेळीच्या तोंडात.

"आता बोला," सर म्हणाले.

आमच्यात सुभेदार थोरात म्हणून कऱ्हाडकडचे एक जण होते. फौजेतून निवृत्त होऊन पाळक व्हायला आले होते. मिशा आणि आवाज दोन्ही अजून फौजेतच. ते ताडकन उठले. "सर, पहिल्यांदा शेळीला ताब्यात घ्यायची."

मग दीड तास नुसता गोंधळ. एक गट म्हणाला, भाकर ही ख्रिस्ताच्या देहाची फक्त खूण, तेव्हा काही बिघडलं नाही. दुसरा गट म्हणाला, प्रार्थना झाली म्हणजे ती पवित्र, तेव्हा आता या शेळीला कापता येणार नाही. सुभेदारांनी विचारलं, मग ती शेळी मंडळीची, म्हणजे चर्चची, सभासद झाली का, आणि झाली असेल तर तिला मतदान आहे का. मी दोन वचनं शोधून काढली होती. दोन्हींचा शेळीशी संबंध नव्हता.

आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच मगदूमकाकूंचं स्वयंपाकघर होतं. मगदूम जैन. त्यांच्या घरात अंडंसुद्धा यायचं नाही, पण आमच्या प्रत्येक केसवर काकूंचं मत असायचं आणि ते खिडकीतून यायचं. त्या दिवशी मिरच्या परतायचा वास आला, पाठोपाठ ठसका आला आणि मग आवाज.

"आवं सर, त्या म्हातारीला कुणी काय विचारलं का? शेळी तिची. साऱ्या गावासमोर टेबलावर चढली. ती बाई कुठं तोंड लपवून बसली आसंल?"

सरांनी वही मिटली.

"काकूंना धापैकी धा. तुमा सातजणांना मिळून दोन."

"आन् शेळीच्या पोटात दुखलं न्हाई न्हवं?" काकू म्हणाल्या.

"न्हाई, काकू. शेळी झकास हुती."

मी विचारलं, "सर, पण पाळक मुळेंनी काय केलं?"

"मुळे शेळीच्या मागं पळाला. झगा पायात आला आन् पालथा पडला. लोक हासली. म्हातारीला वाटलं, तिलाच हासत्यात. त्या दिवसापास्नं ती चर्चला आली न्हाई."

सांगून ते फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

पुढं मुळेचे पराक्रम वाढतच गेले. एका लग्नात "या विवाहास कुणाची हरकत आहे काय?" असं विचारल्यावर मागच्या बाकावरच्या माणसानं हात वर केला. मुळेनं लग्न थांबवलं, नवऱ्यामुलाला बाजूला घेतलं, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बोलावलं आणि अर्धा तास चौकशी केली. त्या माणसाला पंखा लावायला सांगायचं होतं. दुसऱ्या एका गावी मुळेनं अंत्यविधीला मयताच्या गोड गळ्याचं तोंड भरून कौतुक केलं. मयत जन्मापासून मुका होता. गोड गळ्याचा त्याचा भाऊ पहिल्या रांगेत बसला होता आणि शेजाऱ्याला विचारत होता, "मला काय झालं?"

आम्ही हसून लोळायचो. सुभेदारांना मात्र मुळेचा खरोखर राग यायचा. "सर, या मुळेला आमच्या पलटणीत धाडा. आठ दिवसांत सरळ करतो."

"लय उशीर झाला रं आता," सर म्हणायचे.

मग दोडकेंची केस आली. श्री. दोडके एका लहानशा मंडळीत वीस वर्षं पेटी वाजवत होते. पुढं त्यांना ऐकू येईनासं झालं. लोक एक गीत गायचे, दोडके दुसरंच वाजवायचे, आणि ते संपलं की समाधानानं सगळ्यांकडं बघायचे. तोंडावर सांगायची कुणाची हिंमत नव्हती. तेव्हा पाळक मुळे यांनी पेटीवर कापड घातलं आणि दोडकेंना सांगितलं, "उंदरांनी भाता कुरतडलाय. दुरुस्तीला पाठवू." पेटी कधीच पाठवली गेली नाही. दुसऱ्या कुणाला ती वाजवताही येत नव्हती.

पाळकानं खोटं बोलावं का, यावर आमची तीन दिवस भांडणं झाली. सुभेदारांनी मुळेला गद्दार ठरवलं. मी म्हणाले, दयेपोटी बोललेलं खोटं वेगळं. सरांनी नेहमीसारखंच कुणाची बाजू घेतली नाही. दोडकेंचा शेवट विचारला की म्हणायचे, "झालं ते झालं. तू काय केलं असतंस ते सांग."

दुसऱ्या वर्षी आम्हाला रविवारी जोडीनं गावोगाव पाठवायचे, सरावासाठी. मला आणि सुभेदारांना कडेगावजवळचं एक गाव मिळालं. उसाच्या रानाला लागून चर्च, जेमतेम चाळीस माणसं. पहिल्या बाकावर उंच, काटकुळे भास्करअण्णा, वय चौऱ्याऐंशी, कानात यंत्र. आराधना सुरळीत झाली. सुभेदारांच्या उपदेशात दोन वेळा "कूच करा" आलं, तेवढंच.

लोक निघाल्यावर सुभेदारांना कोपऱ्यात काहीतरी झाकलेलं दिसलं. त्यांनी कापड उचललं. पेटी. त्यांनी भाता ओढला, हवा भरली, एक पट्टी दाबली. पेटी खणखणीत वाजली.

"भाता तर शाबूत हाय," सुभेदार म्हणाले. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "रूथताई! आवं, ही तर दोडकेंची पेटी!"

"कोण दोडके?" भास्करअण्णांनी मागून विचारलं.

मी सुभेदारांची बाही ओढली. पण सुभेदारांना खोटं बोलता यायचं नाही, आणि खरं हळू बोलता यायचं नाही. पाच मिनिटांत त्यांनी सगळं सांगून टाकलं. बहिरे दोडके, भलतीच गीतं, उंदीर, मुळे, आमची तीन दिवसांची चर्चा, आणि हे सगळं लोंढे सर वहीतून वाचून दाखवतात, हेसुद्धा.

अण्णांनी कापड पुन्हा पेटीवर नीट घातलं.

"लोंढे," ते म्हणाले. "आमचा लोंढे पाळक. वर्ग कवा आसतो त्याचा?"

"मंगळवारी धाला," सुभेदार म्हणाले.

सांगलीला एस.टी.तून उतरताना सुभेदार म्हणाले, "ताई, म्हंजे मुळे…"

"हो," मी म्हणाले.

"आन् मी त्याला सरांसमोरच गद्दार म्हणालो."

सोमवारी आम्ही सरांना सांगितलं. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. "येतो म्हणाले?"

"येतो म्हणाले न्हाईत, सर. फकस्त वेळ विचारली," सुभेदार म्हणाले.

"म्हंजे येणार," सर म्हणाले.

मंगळवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना अण्णा आले. धोतर, पांढरा सदरा, हातात छत्री. आमच्यातल्या दोघांनी उठून बाक रिकामा केला. सर फळ्याजवळ शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे उभे.

"सलाम, अण्णा."

"सलाम. वाच."

"काय, अण्णा?"

"माजी केस. वाच."

सरांनी वाचली. सगळी, उंदरांसकट. मध्ये दोनदा आवाज बसला, तेव्हा अण्णा कानातलं यंत्र फिरवून म्हणाले, "मोठ्यानं." वाचून झाल्यावर अण्णा आमच्याकडं वळले, छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "आता बोला."

पलीकडं मगदूमकाकूंनी मिक्सर बंद केला.

"बरं, मीच बोलतो," अण्णा म्हणाले. "उंदीर म्हणालास ना, त्याच सोमवारी मी पेटी उघडून बगितली. एक दात लागल्याली खूण न्हाई."

सरांच्या हातातली वही खाली आली. "तुमाला ठाव हुतं?"

"छत्तीस वर्सं ठाव हाय."

"मग बोलला का न्हाई, अण्णा?"

"तू तवा चोवीस वर्सांचं पोरगं. पहिलीच मंडळी. खोटं बोलताना तुजे कान टमाट्यावानी लाल झालते. म्हणलं, हे एवढ्या कष्टानं खोटं बोलतंय, कशाला मोडा." आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. "आन् मला ऐकू येत न्हाई हे कुणी तोंडावर म्हणलं आसतं, तर मी बी फिरून आलो नसतो. त्येबी खरं. पर लोंढे, पेटीचं सोड. त्यानंतर तू माज्या घरी यायचा बंद झालास. दारावरनं जायचास. सायकल जोरात मारायचास. मी वसरीवर बसून बगायचो. कान गेला हुता माजा, डोळं न्हवतं गेलं. वरीसभर तू चहाला आला न्हाईस. त्ये कुठं लिवलंय वहीत?"

सरांनी खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्याच, वही भिंतीला टेकवून लिहायला लागले. लिहून झाल्यावर ते अण्णांच्या बाकाशी आले.

"मला लाज वाटायची, अण्णा. तुमच्या फुड्यात चहा प्यायची."

"मला बी तसंच वाटलं. पर तुज्या तोंडनं ऐकायला छत्तीस वर्सं लागली."

"आन् तुमाला न विचारता तुमची गोष्ट पोरास्नी सांगितली. ती बी चूक."

"त्येच सांगायला आलोय," अण्णांनी छत्री आपटली. "दोडका? वीस वर्सं देवाची पेटी वाजवली आन् मला दोडका? मला दोडका बगवत न्हाई!"

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही की ते खरंच चिडलेत. सर म्हणाले, "अण्णा, मग वांगे करू?"

"वांगं खाल्लं की मला खाज सुटती."

"घेवडे?"

"घेवडे आडनावाचा आमचा पावणा हाय. बुटका."

"शेवगे म्हणा की!" खिडकीतून मगदूमकाकूंचा आवाज आला. "एवढं उंच हाईत."

अण्णांनी यंत्र काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. "ही बाई कोण? हिला पाळक करा." आणि श्री. दोडके त्या दिवसापासून श्री. शेवगे झाले. मग काकूंनी सगळ्यांना पोहे पाठवले. सर आणि अण्णा एकाच बाकावर बसून चहा प्यायले आणि अण्णांनी आम्हाला सांगितलं की यंत्र बसवल्यावर त्यांना पहिल्यांदा काय कळलं, तर त्यांची बायको मधल्या वर्षांत बेसूर झालीय. "पर तिला सांगू कसं? उंदरांनी गळा कुरतडला म्हणू?"

त्यानंतर सरांनी वहीतली एकही नवी केस वाचली नाही. दोन महिने ते दर शनिवारी स्कूटर घेऊन बाहेर पडायचे. जिथं जिथं पाळक होते, त्या त्या गावी जाऊन माणसांना शोधायचे आणि परवानगी मागायचे. भोपळे बंधूंपैकी एकानं दिली, दुसऱ्यानं नाही, मग ती केस अर्धीच उरली आणि ऐकायला फारच विचित्र झाली. कारलेबाईंनी सरांना ओळखलंच नाही, पण जेवायला घातलं. श्रीमती गवारे तीन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. सर त्यांच्या सुनेपाशी बसून आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. शेळीची केस त्यांनी फाडली नाही, आणि पुन्हा कधी वाचलीही नाही.

वर्ग संपत आला तेव्हा एकदा सुभेदारांनी जरा चाचरत विचारलं, "सर, मुळेनं कधी काय बरं केलंच न्हाई का?"

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. पिशवीतल्या वहीला हात लावला नाही.

"एकदा एका बाईचा सा वर्सांचा पोरगा गेला," ते म्हणाले. "मुळे तिच्या घरी गेला. वाटंत दोन वचनं घोकून ठेवलीवती. बाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली हुती. तिनं वर बगितलं आन् विचारलं, 'तुमच्या देवानं असं का केलं?' मुळेला वचनं आठवनात. तो खाली बसला आन् शेंगा फोडाय लागला. दिवस मावळस्तोवर दोघांनी पोतं संपवलं. कुणी काय बोललं न्हाई. जाताना ती म्हणाली, 'उद्या येशिला?'"

"मग?" मी विचारलं.

"मग गेला. दुसरं पोतं हुतं."

"म्हणजे बरोबर केलं."

"ठाव न्हाई, रूथबाई. त्येला उत्तर येत न्हवतं म्हणून बसला. आता तू त्याला बरोबर म्हण न्हाईतर चूक." वहीशिवाय त्यांनी सांगितलेली ती एकच केस.

मी पुढं पाळक झाले नाही. साताऱ्यात एका दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांजवळ बसायचं काम करते. अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकांवर. लोक मला असे काही प्रश्न विचारतात की देवही क्षणभर खिडकीबाहेर बघत असेल. पहिल्या वर्षी मी फार बोलायचे. आता कुणाची पिशवी धरते, कुणाचा मोबाइल चार्जिंगला लावते.

मागच्या वर्षी सर एका नातेवाइकाला भेटायला आमच्या दवाखान्यात आले होते. आता वय झालंय, हातात काठी आहे. परत जाताना मी त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. सांगलीची गाडी खच्चून भरलेली. कसंबसं त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली आणि मी खाली उभी राहिले. तेवढ्यात त्यांच्या मागच्या सीटवर भांडण पेटलं. एका बाईनं गाडी लागताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती. दुसरी दारातून आधी चढून त्याच रुमालावर बसली होती. "मी धरली!" "मी बसले!" कंडक्टरनं दोघींना कऱ्हाडची तिकिटं दिली, "माझं काम तिकिटाचं," म्हणाला आणि पुढं सटकला.

सर वळले. मी खालून ओरडले, "सर, जाऊ दे, तुम्ही बसा!" त्यांनी ऐकलं नाही. एका बाईला त्यांनी काहीतरी विचारलं, मग दुसरीला. मग पलीकडच्या माणसाला विचारलं आणि तोही बोलायला लागला. बघता बघता पाचसहा जण हात वर करकरून मत देऊ लागले. गाडी सुरू झाली, आवाज बुडाले.

फाटकाशी गाडी वळली तेव्हा आतलं दिसलं. दोन्ही बाया बसल्या होत्या. एक आपल्या रुमालावर, दुसरी सरांच्या जागेवर, आणि दोघी अजून भांडत होत्या. मधल्या वाटेत लोंढे सर उभे होते, एका हातानं वरचा दांडा धरून, काखेत काठी, खांद्याला त्यातल्याच एकीची भली मोठी पिशवी. ते मान डोलावत दोघींचं ऐकत होते, आणि चेहरा असा, जणू कऱ्हाड फार लवकर येणार आहे.